ताराकाकू आणि आतली कडी

ताराकाकूंची आणि माझी खरी ओळख झाली ती एका संडासाच्या बंद दारापाशी. त्या आत होत्या, मी बाहेर होतो, आणि माझ्या शेजारी एका भव्य उन्हाळी शिबिराचे तितकेच भव्य संचालक गुडघ्यावर बसून दाराच्या फटीशी बोलत होते. त्यांची काउबॉय छापाची मोठी टोपी दाराला अडत होती, म्हणून ती त्यांनी माझ्या हातात दिली होती. मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरून, मान खाली घालून उभा होतो. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, आत कुणीतरी गेलंय.

पण मी पडलो हौशी नाटकवाला. पडदा मध्येच उघडायची खोड. जरा मागं जातो.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या तीन मजली इमारतीत ताराकाकू आमच्या डोक्यावरच्याच घरात राहायच्या. मूळच्या विट्याकडच्या. त्या भागातली माणसं देशभर सोनं गाळायची, म्हणजे गलाईची, दुकानं चालवतात. तुम्ही कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात भट्टीपाशी बसलेला एखादा माणूस "काय पावनं, गाव कंचं?" असं विचारतोच. काकूंचे यजमान मदुरैला हाच धंदा करायचे. काकूंची तीस-पस्तीस वर्षं तिकडं गेली. यजमान वारल्यावर मुलानं, विलासनं, दुकान सांभाळलं आणि काकू सांगलीला येऊन राहिल्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "कानाला मराठी लागतं रं मला. तितं मेलं सपनात बी तमिळ बोलाया लागली हुती मी."

तरी मदुरै त्यांच्या अंगातून पुरतं गेलं नव्हतं. डोक्यावर विट्याचा पदर, पण पदराखाली रोज ताजा मोगऱ्याचा गजरा. घरी गेलं की सांगलीचं भडंग आणि त्याच्या जोडीला स्टीलच्या पेल्यातली फेसाळ कॉफी. ती कॉफी त्या हातभर उंचीवरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत. थेंब सांडत नसे. राग आला की मात्र तमिळमध्ये यायचा. आमच्या भाजीवाल्याला एकदा त्यांनी दोन मिनिटं तमिळमध्ये झापलं. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण वांगी त्यानं बदलून दिली.

आणि पाकिटात कायम तो काळा दगड. साबणाच्या वडीएवढा, गुळगुळीत. सोन्याचा कस बघायचा. धंदा सुटला, दगड सुटला नाही. आमच्या इमारतीच्या चेअरमनबाईंनी एका संक्रांतीला हळदीकुंकवाला चांदीचे करंडे वाटले. चांदीचे आहेत हे त्यांनी दारात, बैठकीत आणि निरोप देताना असं तीनदा सांगितलं. काकूंनी करंडा घेतला, पदराआड दगडावर एक रेघ ओढली, रेघेकडं पाहिलं आणि अत्यंत प्रेमानं म्हणाल्या, "बाय, लय देखना करंडा हाय. भांड्याच्या पावडरीनं घासत जा. लखलखंल." चेअरमनबाई पुढं चार महिने जिना चढताना आधी वर कोण नाही ना हे बघून घ्यायच्या.

इतकं सगळं असूनही त्या आमच्यासाठी जिन्यात "जेवला का?" विचारणाऱ्या काकूच होत्या. मग तो एप्रिल आला.

आमची सई तेव्हा दहा वर्षांची. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली राहायच्या शिबिराला निघाल्या होत्या. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर शिबिरांचा पाऊस सुरू होता. साहस शिबिर, संस्कार शिबिर, निसर्ग शिबिर, नेतृत्व शिबिर. एका जाहिरातीत तर सात दिवसांत मुलाची भीती, आळस आणि मोबाइल हे तिन्ही काढून देण्याची हमी होती. मी म्हटलं, मोठ्यांना घेतात का विचारा.

सईला जायचंच होतं. रोज जेवताना तेच. पण ती आणि आम्ही दोघं एक गोष्ट ताटाखाली दडवून जेवत होतो. महिन्यातून तीन-चारदा तरी सईचं अंथरूण ओलं व्हायचं. डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका, काही मुलांचं उशिरा थांबतं, आपोआप थांबेल. थांबेल ते खरं, पण शिबिर मेमध्ये होतं. एका रविवारी सईनं वरणभात कालवता कालवता विचारलं, "बाबा, तिथं झालं तर? सगळ्यांना कळलं तर मी शाळा बदलणार."

सुजाता, माझी बायको, म्हणाली, "यंदा नको जाऊस. पुढच्या वर्षी." त्यावर सईनं ताट सरकवलं. "मागच्या वर्षी पण पुढच्या वर्षीच म्हणाली होतीस."

दोघींचंही खरं होतं, हीच पंचाईत. मी आपला चकचकीत फोटोंतलं सगळ्यात मोठं शिबिर निवडून मोकळा झालो. फोटोत घोडे होते, तारेवरून घसरत जाणारी हसरी मुलं होती. इतक्या हसऱ्या मुलांमध्ये एखादं अंथरूण काय, असं माझं गणित.

दुसऱ्या दिवशी काकू कुरडयांचं ताट घेऊन खाली आल्या. एप्रिलभर गच्ची त्यांचीच असायची.

"सईला शिबिराला धाडताय म्हनं. बगून आला का?"

"काकू, फोटो बघितले ना. हे बघा."

त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला. घोडा बघितला. तार बघितली. परत दिला.

"फोटूला वास येतो व्हय रं?"

"कसला वास?"

"गादीचा. न्हाणीचा. आरं, दोन ग्रामची आंगठी घेताना तुमी तीन दुकानं हिंडता. पोरगी सात दिस कुनाच्या हाताखाली देताय, त्याला नुसता फोटू? येत्या आयतवारी गाडी काढ. मी येते. कस लावू या."

अशा रीतीनं आम्ही निघालो. सुजाताला त्या दिवशी काम होतं, म्हणून मी आणि काकूच. काकूंच्या अटी सरळ होत्या. पुढची सीट. एसी बंद, काच खाली. मांडीवर स्वतःचा पेला, कारण "परक्याच्या घरचं पानी प्यावं, पेला न्हाई." आणि भडंगाची पिशवी, तिला मी हात लावला की "रस्त्याकडं बग."

वाईच्या पुढं डोंगरात ते भव्य शिबिर. संचालकांनी टोपी काढून काकूंना नमस्कार केला आणि तारेकडं नेलं. दरीवरून ताणलेली तार. काकूंनी तिच्याकडं आदरानं पाहिलं.

"झ्याक हाय. संडास कुठं हाय?"

संचालक म्हणाले, "आधी आपण क्लाइम्बिंग वॉल बघू या."

"बघू की. संडास कुठं हाय?"

संडास सुरेख होते. पांढऱ्या फरशा, दारावर फुलपाखरं. काकू एकेक दार उघडत, आत जात, कडी लावत, काढत, बाहेर येत. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्यात गेल्या. खट्. आणि मग खटखट, खटखट. आणि मग आतून अगदी शांत आवाज आला, "दीपक, कडी आडाकली बग." दीपक म्हणजे मी.

इथं आपण सुरुवातीच्या प्रवेशाला येऊन पोचलो. टोपी माझ्या हातात.

"काकू, घाबरू नका!" संचालक फटीतून म्हणाले.

"मी कशाला घाबरू? माज्याकडं घड्याळ हाय. तुमी घाबरा."

"काकू, कडी थोडी वर उचलून डावीकडं ओढा."

"हे धा वर्साच्या पोरीला कोन सांगतं?"

"आमचे प्रशिक्षित इन्स्ट्रक्टर असतात ना."

"रातच्याला पोरगी हितं आडाकली तर तिची हाक कुनाच्या कानावर जाती?"

"इन्स्ट्रक्टरच्या."

"त्येचं नाव काय?"

"कुणाचं?"

"जो रातच्याला उठतो त्येचं."

संचालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी तारेकडं पाहिलं. तेवढ्यात दोन इन्स्ट्रक्टर धावत आले. एकानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं, दुसरा म्हणाला, "सर, चावी ऑफिसात आहे, ऑफिस बंद आहे." दाराला बाहेरून चावी नव्हतीच, हे दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी बागेला पाणी घालणारी एक बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली, तिनं बिजागरी ढिली केली आणि दार उघडलं.

ताराकाकू बाहेर आल्या. मी तीस वर्षं रंगभूमीवर बऱ्याच नायिकांच्या एन्ट्र्या पाहिल्या, अशी नाही पाहिली. पदर जागेवर, गजरा जागेवर, मनगट वर. "सतरा मिन्टं," त्या म्हणाल्या. मग त्या बागेतल्या बाईला नाव विचारलं, तिची मुलं किती ते विचारलं, आणि गाडीकडं निघाल्या. संचालकांनी मागून हाक मारून टोपी परत मागितली.

हायवेला लागल्यावर मी म्हटलं, "काकू, फार त्रास झाला तुम्हाला."

"कसला तरास? कडी दुसऱ्याच मिन्टाला निघाली हुती."

"काय? मग आत काय करत होता?"

"कडी परत लावून हुबी हुते. आत मानूस आडाकल्यावर भाईरची मानसं काय करत्यात, ते काय फोटूत दिसतंय व्हय?"

भुईंजपाशी मला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसून हसून समोरचा रस्ता दिसत नव्हता. काकू मात्र गंभीरपणे भडंग खात होत्या. "तार लय भारी हाय," त्या म्हणाल्या. "पर पोरगी काय सात दिस तारंवर ऱ्हानार न्हाई."

पुढच्या रविवारी साताऱ्याजवळचं संस्कार शिबिर. या खेपेला सुजाताही आली. तिथं सगळं शिस्तीत. चपला रांगेत, पाण्याचे माठ झाकलेले, गाद्यांच्या घड्या पट्टीनं मापून घातल्यासारख्या. काकूंनी एक गादी हुंगली, मान डोलावली. सगळ्या कड्या लावून पाहिल्या, एक अडेल तर शपथ. माठातलं पाणी स्वतःच्या पेल्यातून प्यायल्या. पांढऱ्या झब्ब्यातल्या प्रमुखांनी शेंगदाण्याच्या लाडवांची बशी पुढं केली, काकूंनी एक घेतला. मी सुजाताला डोळ्यांनी खूण केली की ठरलं.

तेवढ्यात काकूंनी विचारलं, "एखांद्या पोराचं हांथरून वलं झालं तर काय करता?"

सुजाता दचकली. मीही. आम्ही काकूंना या बाबतीत एक शब्द बोललो नव्हतो.

प्रमुख मंद हसले. "आमच्याकडे त्यावर रामबाण उपाय आहे. सकाळी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर ज्याची चादर त्यानं धुवायची. दुसऱ्या दिवशी सवय गेलेली असते. मुलाला लाज वाटली पाहिजे, आजी. लाजेनंच माणूस घडतो."

काकूंनी हातातला लाडू बशीत परत ठेवला. अन्न टाकणं हे त्यांच्या दृष्टीनं पाप होतं, पण तो लाडू त्यांनी अख्खा ठेवला, पेला उचलला, आणि चपला घालून गाडीत जाऊन बसल्या.

आणि वाटेत भडंगाची पिशवी उघडली नाही. मी मुद्दाम पिशवीत हात घातला, तरी "रस्त्याकडं बग" आलं नाही. कराडच्या अलीकडं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं तशी मी गाडी थांबवली. झाडाखाली बाकडं होतं. काकूंनी स्वतःच्या पेल्यात रस घेतला.

सुजातानं न राहवून विचारलं, "काकू, तुम्हाला सईचं कसं कळलं?"

"गच्चीवर टाकीमागं रबराचं कापड वाळत आसतं. कुरड्या राखाया बसलेल्या बाईला समदं दिसतं." मग पेल्याकडं बघत म्हणाल्या, "आन आमच्या बी घरात हुतं की. पर तवा मला दिसलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. गलाईवाल्यांमध्ये पोरं गावाकडं ठेवायची पद्धत. परमुलखात पोर वाढलं तर गावचं राहत नाही, शाळेत तमिळ शिकतं, आजीशी बोलायचं विसरतं. विलासला त्याची आजी सांभाळायची. आजी वारली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मग त्याला इकडच्याच एका वसतिगृहात घातलं.

"आगीनगाडीनं आलो दोघं. फाटकात वॉर्डन हुता. म्हनला, आत यायचं न्हाई, पोरं रडत्यात. आमी म्हटलं बरं. पेटी दिली, पोराचा हात दिला, आन फाटकातनंच माघारी फिरलो. त्याच सांजच्या गाडीनं. आमच्या ह्यांनी कुनाचा सोन्याचा कन घेताना तीनदा घासल्याबिगर घेतला न्हाई जलमात. आन पोरगं दिलं, तवा फाटकाच्या आत काय हाय ते बगितलं न्हाई."

रसवाल्याच्या चरकाची घुंगरं वाजत होती.

"दोन वर्सं हुता तितं. सुट्टीला आला की मी म्हनायची, आसा बसून का झोपतोस रं? भिताडाला टेकून झोपायचा. मला वाटायचं, खोड हाय पोराची, हसायची मी. त्याचं लगीन झालं, पोरं झाली, तवा कवातरी त्येनं बायकूला सांगितलं आन तिनं मला. आडवं झालं की गाढ झोप लागती, आन गाढ लागली की हांथरून वलं हुतं. म्हनून पोरगं दोन वर्सं बसून झोपलं. चादर धुवावी गुपचूप, तर न्हाणीला आतनं कडी न्हवती."

पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मला हे ठावं हाय, हे आजून त्याला ठावं न्हाई. मी कशी काढू ती गोष्ट?"

सुजातानं त्यांच्या हातावर हात ठेवला. काकूंनी तो थोडा वेळ राहू दिला, मग काढून घेतला आणि रसवाल्याकडं वळल्या. "काय रं, आल्याचा तुकडा घातलास का नुसता दाखवलास?" म्हणजे पूर्वपदावर आल्या.

तिसऱ्या रविवारी सईला बरोबर घ्यायचं असं काकूंनीच ठरवलं. "नवरी दाखवत न्हाईत म्हनून नवरा बगाया न्यायचा न्हाई व्हय?" असलं काहीतरी उलटसुलट कारण दिलं, आम्ही मानलं.

पाटणच्या पुढं, आंब्याच्या बागेत ते शिबिर होतं. एक नवरा-बायको चालवायचे, दोघंही पूर्वी शिक्षक. पाटीवरची अक्षरं वाकडी. माहितीपत्रक मागितलं तर नवरा म्हणाला, "छापायचं होतं, राहिलं." घोडा नव्हता. एक गाय होती, ती कुणालाच जुमानत नव्हती. माझं मन खट्टू झालं. काकू मात्र गाडीतून उतरताच थांबल्या. अंगणात बांबूंवर तीसेक गाद्या उन्हात टाकलेल्या होत्या.

त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. तिथं हौसाबाई नावाची आडव्या बांध्याची बाई कांदा चिरत होती. काकूंनी पाट ओढला, तिच्यासमोर बसल्या, आणि विळीवर दुसरा कांदा घेतला. दोन कांदे झाल्यावर तोच प्रश्न.

"आवं, पोरंच ती," हौसाबाई वर न बघता म्हणाली. "नव्या जागंत हुतंच एखांद्याचं. आमी रोज सकाळच्या पारी समद्याच गाद्या भाईर काढतो. तिसाच्या तीस. चादरी समद्या येकाच टपात. कंची कुनाची, कुनाला कळतंय?"

"रोज?"

"रोज. कंबर मोडती वो. पर काय करनार, दोनच गाद्या काढल्या तर समद्यांच्या नजरा त्या दोनावरच जात्यात की."

सई दारात उभी होती. ती स्वतःच्या सँडलकडं बघत होती. हौसाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही, हे मी मुद्दाम पाहिलं.

"आन रातच्याला पोरगी उठली तर कुनाकडं जाती?"

"माज्याकडं. पोरींच्या खोलीच्या दारातच माझी वाकळ आसती. मला वलांडून भाईर जायचं म्हंजी मला जागं करावंच लागतं. मी हाय ही आसली."

काकू इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेर गायीनं मान वळवली. मग त्या सईला म्हणाल्या, "जा बाय, न्हाणीघर तू बगून ये. मी न्हाई येत."

सई गेली. आम्ही तिघं अंगणात उभे राहिलो. दार लागलं. खट्. मग शेजारचं दार, पुन्हा खट्. मग तिसरं. सई बाहेर आली आणि एखाद्या इंजिनिअरच्या थाटात म्हणाली, "पहिली जरा घट्ट आहे. बाकीच्या लागतात."

"पहिलीला त्याल घाला," काकू त्या शिक्षक-नवऱ्याला म्हणाल्या. त्यानं आमच्यासमोर तेल आणून घातलं. अर्ज आम्ही तिथंच, गाडीच्या बॉनेटवर भरला.

मे महिन्यातले ते सात दिवस मी बायकोला धीर देत होतो, असं मी सगळ्यांना सांगतो. प्रत्यक्षात कोण कुणाला देत होतं हे वर काकूंना ऐकू जात असणार. शिबिरात फोन नव्हता. चौथ्या दिवशी मी पाटणला "सहज" जाऊन यावं म्हणून गाडीची चावी उचलली, तर जिन्यात काकू. "कुठं?" "सहज." "ठेव ती चावी. कस येकदा लावला की मग सोनं सारखं घासायचं नसतं, झिजतं." चावी ठेवली.

सातव्या दिवशी सई परतली. रापलेली, गुडघा सोललेला, आवाज बसलेला. गाडीत दोन तास गायीबद्दल बोलली. घरी आल्यावर आधी वर पळाली, काकूंकडं. मी तिच्या मागोमाग गेलो आणि दाराबाहेर थांबलो. ऐकायला नव्हे. चपला काढायला. जरा वेळ लागला मला.

"दोनदा झालं," सई सांगत होती.

"मग?"

"कुणालाच कळलं नाही. काकू, हौसामावशीला कळलं होतं. मला माहितीये. पण ती माझी गादी कधी पहिली पण उचलायची नाही आणि शेवटची पण नाही. मध्येच कधीतरी उचलायची."

मग कॉफी उंचावरून ओतल्याचा आवाज आला, आणि सईचं, "अय्या काकू, सांडली." त्या घरात कॉफी सांडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

ही बातमी फुटली नाही. पण संचालक आणि सतरा मिनिटं ही बातमी मी स्वतः फोडली. मला राहवत नाही. त्यानंतर काकूंना उसंत उरली नाही. पुढची दोन वर्षं मार्च लागला की मिरजेपासून माधवनगरपर्यंतचे आईबाप आमच्या जिन्यात. "काकू, या शिबिराला जरा कस लावता का?" फी एकच, पुढची सीट आणि काच खाली. एका नेतृत्व शिबिराच्या मालकानं त्यांना दारातच विचारलं, "आपण कोणत्या संस्थेकडून?" काकू म्हणाल्या, "मी पोराकडनं." आणि चालत आत गेल्या. एका ठिकाणी तर त्या येणार म्हणून कळल्यावर आदल्या दिवशी सगळ्या कड्या नव्या बसवल्या. काकूंना ते लगेच कळलं. "बसू दे की," त्या म्हणाल्या. "मला बगून का हुईना, कडी तर बसली."

गेल्या वर्षी त्यांचा गुडघा गेला. तिसरा मजला जमेना. विलास न्यायला आला. पन्नाशीकडं झुकलेला, रुंद खांद्यांचा, कमालीचा अबोल माणूस. बोटं भट्टीनं भाजलेली. त्यानं आमच्याकडं चहा घेतला, तो मान खाली घालून. आईशीही तीनचार शब्दांपलीकडं बोलणं नाही. सईला मात्र त्यानं विचारलं, "तू शिबिराला जाती व्हय?" सई म्हणाली, "यंदा तिसऱ्यांदा." त्यानं मान हलवली. "चांगलं."

आम्ही मिरज जंक्शनवर पोचवायला गेलो. दुपारची वेळ. काकूंनी सईला गजऱ्यातली चार फुलं काढून दिली आणि तो काळा दगड मला दिला नाही. मी आशेनं पाकिटाकडं बघत होतो, हे त्यांनी ओळखलं. "तू नाटकवाला. तुला काय करायचाय खरा दगड? पुठ्ठ्याचा कर."

सुजाता आणि सईनं त्यांना खिडकीपाशी बसवलं. पेला हातात, भडंग मांडीवर. मी पिशव्या घेऊन दारातच अडकलो होतो, म्हणून मला दिसलं. विलासनं आईची पेटी बाकाखाली सरकवली, आणि कुणाला काही न बोलता डब्याच्या टोकाला आला. डावीकडच्या संडासात गेला. दार लावलं. खट्. बाहेर आला, उजवीकडच्यात गेला. खट्. पुन्हा एकदा खट्. नळ वाहिल्याचा आवाज. मग रुमालाला हात पुसत माझ्या शेजारून परत आईपाशी गेला.

"आई, उजवीकडचा चांगला हाय," तो म्हणाला. "आतनं कडी लागतीया."

काकूंनी त्याच्याकडं पाहिलं. शिट्टी झाली. आम्ही खाली उतरलो.

"पानी येतंय का?" खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू आला.

"येतंय."

"मग बस की हितं, उबा का?"

गाडी हलली. खिडकीतून ताराकाकू आम्हाला हात करत नव्हत्या. त्या आमच्याकडं बघतही नव्हत्या. भडंगाची पिशवी उघडून त्यांनी ती विलासच्या मांडीवर ठेवली होती, आणि त्यानं आत घातलेला हात त्यांनी अडवला नव्हता.